सोसायटीची नियमावली आणि घरकामाच्या बायका: कुठलं कलम कशासाठी?

उंबरठा (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईच्या आणि आता नाशिक-संभाजीनगरच्याही मोठ्या सोसायट्यांत घरकामगारांसाठी छापील नियमावली असते. कुठली लिफ्ट वापरायची, बागेतल्या बाकावर बसायचं की नाही, डबा कुठे खायचा, गेटवर पिशवी कुणापुढे उघडायची, मोबाईलवर किती बोलायचं. गरिबांबद्दल तुमचं मत काय, असं विचारलं तर कुणीच वाईट बोलत नाही. त्यामुळे मत विचारूच नये, खाली लिफ्टशेजारची नोटीस वाचावी.

या नोटिशीत दोन शब्द हमखास भेटतात, सुरक्षा आणि स्वच्छता. पारखायची पद्धत साधी आहे. कलमातून 'घरकामगार' काढून तिथे 'पाहुणे' किंवा 'कुरिअरवाले' घालायचं. 'रात्री दहानंतर येणाऱ्याची नोंद गेटवर करावी' हे कलम टिकतं, कारण ते कुणालाही लावता येतं. 'पाहुण्यांनी बाकावर बसू नये' म्हटल्याबरोबर समितीतच हशा पिकेल. असलं कलम सुरक्षेसाठी नव्हतंच. जिची जागा ओट्यापाशी, ती आपल्या शेजारी बाकावर दिसू नये म्हणून ते लिहिलेलं असतं.

समितीत बसणारे, संघटनेचं काम करणारे, हिशेब तपासणारे, कायदा जाणणारे असे बरेच जण इथे आहेत. कुठला नियम खरंच लागतो, तो कसा लिहायचा, कुठे फसतो, एवढंच लिहा. 'आमच्याकडची बाई' छापाचे किस्से नकोत, त्यासाठी तीन जुने धागे उघडेच आहेत.

---

जिना_चढणारा

लिफ्टपासून सुरुवात करतो, कारण वेगळ्या लिफ्टचा नियम तांत्रिकदृष्ट्याही फसतो आणि ते समितीला कुणी सांगत नाही.

नेहमीच्या १४ मजली इमारतीत दोन लिफ्ट असतात. एक ८ माणसांची, म्हणजे माणशी ६८ किलो धरून ५४४ किलोची. दुसरी मोठी, स्ट्रेचर मावेल अशी, १३ किंवा १५ माणसांची. मजल्यावर बटण बहुधा एकच असतं आणि ते दोन्ही लिफ्टना सामाईक असतं. बटण दाबलं की जवळची लिफ्ट येते. ती 'सभासदांची' निघाली तर बाईने ती सोडून द्यायची. पण लिफ्ट आल्याबरोबर बटणाची नोंद पुसली गेलेली असते. ती पुन्हा दाबते, आणि तीच लिफ्ट पुन्हा दार उघडते, कारण ती तिथेच उभी आहे. कुणीतरी दुसऱ्या मजल्यावरून ती बोलावून नेईपर्यंत हा खेळ चालतो. यात लिफ्टचं दार विनाकारण उघडमीट करतं आणि दाराची मोटर हीच सगळ्यात जास्त बिघडणारी वस्तू.

आता वेळेचा हिशेब. एक बाई एका इमारतीत सहा घरं करते, म्हणजे वर-खाली धरून सात फेऱ्या. दोन्ही लिफ्ट खुल्या असतील तर सरासरी एक मिनिट थांबावं लागतं, एकच खुली असेल तर सकाळच्या गर्दीत चार मिनिटं सहज. फेरीमागे तीन मिनिटं, दिवसाला २१, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५४६ मिनिटं. नऊ तास झाले. हे नऊ तास कुठल्याच घराच्या पगारात येत नाहीत. वर सहाव्या घरात 'उशीर का झाला' हेही ऐकायचं.

मोठ्या लिफ्टचं खरं काम सामानाचं. सिमेंटची गोणी, फ्रीज, फर्निचर, कचऱ्याचे मोठे डबे मोठ्या लिफ्टनेच न्यावेत आणि त्या वेळी आतून फोमचे पडदे लावावेत. नियम सामानाला लावा, मग ते सामान कुणाच्याही हातात असो.

---

मध्यमवर्गी

तांत्रिक मुद्दा मान्य. पण सकाळी सात ते साडेआठ मुलांची शाळेची बस, ऑफिसची घाई, आणि त्याच वेळी दहा बायका लिफ्टमध्ये. देखभाल खर्च सभासद भरतात, हे विसरून कसं चालेल? आणि चोऱ्या होतात हेही खरं आहे. प्रत्येक नियमात तुच्छता शोधायचीच म्हटलं तर सापडेलच.

---

उंबरठा

गर्दी हे खरं कारण आहे, मान्य. मग कलम गर्दीचं लिहा: 'सकाळी ७.३० ते ८.१५ शाळेच्या मुलांना प्राधान्य.' ते सगळ्यांना लागू, सकाळचं फिरून येणाऱ्या सभासदांनाही. त्या दहा बायका वर जातात त्या दहा सभासदांच्या कामालाच. घरात प्लंबर आला, त्याची लिफ्टफेरी तुमच्या देखभाल खर्चातच मोजली जाते ना? तसंच हे.

---

वकीलवाडी

चोरीचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो. बहुतेक घोळ वस्तू हरवल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत होतो.

पहिली गोष्ट, झडती. गार्डला किंवा समितीला कुणाचीही पिशवी जबरदस्तीने उघडायचा अधिकार नाही, अंगाची झडती तर दूरच. पोलिसांनाही स्त्रीची झडती दुसऱ्या स्त्रीकडूनच आणि तिची अब्रू सांभाळूनच घ्यावी लागते. गेटवर वीस लोकांसमोर पिशवी उलटी करून काही सापडलं नाही, तर ज्याने ती उलटी केली तोच अडचणीत येतो.

दुसरी, 'चौकीवर चल' ही धमकी. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन.

तिसरी, क्रम. वस्तू दिसत नाही म्हटल्यावर काय करायचं? आधी ती शेवटची कधी दिसली त्याची वेळ कागदावर लिहायची. त्यानंतर घरात कोण कोण आलं त्याची पूर्ण यादी करायची: नातेवाईक, मुलांचे मित्र, सुतार, एसीवाला, पार्सलवाला. कपाट, बँकेचा लॉकर, धुवायच्या कपड्यांचे खिसे, प्रवासाच्या बॅगा बघायच्या. एवढं झाल्यावरच तक्रार. तक्रारीत जे माहीत आहे तेवढंच लिहायचं. 'अमुकवर संशय' हे वाक्य पुरावा नसताना लिहिलं तर पोलिसांचा तपास तिथूनच सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच अडकतो, खरा चोर राहतो बाजूला. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तिचा फोटो टाकायचा नाही. वस्तू चार दिवसांनी गादीखाली सापडली की फोटो काढून टाकता येतो, पण तोवर तिची पाच घरं सुटलेली असतात. त्याची भरपाई मागणारा बदनामीचा दावा होऊ शकतो.

जाता जाता: नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केली तर नव्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीला तीन. १८६० च्या दंड संहितेतून ही विभागणी जशीच्या तशी आली आहे. कायद्यालाही कुणाची भीती वाटत होती ते दिसतं.

---

पारावरचा

वकीलवाडी, शेवटचा मुद्दा अर्धाच झाला. राहत्या घरातून चोरी केली तर चोर कुणीही असो, सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे. म्हणजे घरात येऊन दागिना उचलणाऱ्या पाहुण्यालाही तेवढीच. फरक उरतो तो घराबाहेरच्या, दुकानातल्या वगैरे वस्तूंचा. बाकी सगळ्याशी सहमत.

---

वकीलवाडी

बरोबर, ते जोडायला हवं होतं.

---

फडकं

पगाराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते.

'पाच-सहा घरं धरतात, आपल्यापेक्षा जास्त कमावतात' हे वाक्य प्रत्येक सभेत निघतं. हिशेब मांडूया. समजा झाडू-फरशी आणि भांडी, दोन्ही मिळून २,५०० रुपये. वेळ सव्वा तास. महिन्याला दोन सुट्ट्या धरल्या तर २८ दिवस, म्हणजे ३५ तास. तासाला ७१ रुपये. सहा घरांचे झाले १५,०००, पण त्यासाठी दिवसाचे साडेसात तास हातात फडकं, वर जिना-लिफ्ट, एका इमारतीतून दुसरीत चालणं आणि घरून येणं-जाणं. यात भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची पगारी रजा नाही, आणि सहापैकी एखादं घर कधीही सुटू शकतं. १५,००० हा आकडा सगळं सुरळीत चाललेल्या महिन्याचा. असा महिना वर्षातून किती वेळा येतो ते ज्याचं त्याने बघावं.

भांडणं होतात ती ठरलेल्याच जागी. म्हणून काम धरतानाच या गोष्टी बोलून एका कागदावर लिहाव्यात, दोन प्रती, दोघींच्या सह्या:

कामं नावानिशी. 'वरचं काम' असं लिहू नये. भांडी म्हणजे किती माणसांची, कुकर-कढई धरून की वेगळी, फरशी रोज की दिवसाआड, पंखे-जाळ्या महिन्यातून किती वेळा, बाथरूम धरायची की त्याचे वेगळे पैसे.

सुट्ट्या. महिन्याला दोन की चार, आणि न घेतलेली सुट्टी पुढे चालते का. खाडा कापायचाच असेल तर पगाराला कामाच्या दिवसांनी भागा. २,६०० पगार आणि २६ दिवस असतील तर एका खाड्याचे १०० कापा. कित्येक घरांत ठरलेल्या सुट्ट्यांचेही पैसे कापले जातात आणि हिशेब विचारला की 'एवढ्यावरून काय बोलतेस' असं उत्तर मिळतं. पैसे कापताना मात्र हीच मालकीण कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली असते.

पाहुणे. सहा माणसांची भांडी बारा झाली तर दिवसाला किती जास्त, ते आधी ठरवा. गणपतीत आणि मे महिन्यात हाच वाद असतो.

मालकांची सुट्टी. हा सगळ्यात जास्त टाळला जाणारा विषय. मुलाकडे अमेरिकेला तीन महिने जायचं, त्या काळात पगार द्यायचा नाही आणि परत आलो की सोमवारपासून तीच बाई तयार हवी. तिने तीन महिने ती वेळ रिकामी कशी ठेवायची? महिनाभराच्या आत असेल तर पूर्ण पगार, त्याहून जास्त असेल तर निम्मा. नाहीतर 'दुसरं घर धर, आल्यावर बघू' असं मोकळेपणाने सांगा. यातलं काहीही चालेल, पण जायच्या आधी.

वाढ. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. मागावी लागली की ती भीक वाटते, देणाऱ्यालाही आणि घेणारीलाही.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, तो पगारवाढ आणि रजा याच मागण्यांसाठी. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, यादी फारशी बदललेली नाही.

---

मध्यमवर्गी

फडकं, कागदावर लिहायला हरकत नाही. पण उचल घेऊन न सांगता काम सोडतात त्याचं काय? दहा हजार घेतले आणि तिसऱ्या महिन्यात फोन बंद.

---

फडकं

होतं असं, नाकारत नाही. तोंडी उचलीत ते जास्त होतं, कारण किती फिटले यावर दोघींचे आकडे वेगळे असतात. वहीच्या एका पानावर तारीख, रक्कम आणि दर महिन्याची कपात लिहा, प्रत्येक वेळी दोघींची सही. कपात पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. निम्मा पगार कापला की ती त्या महिन्यात दुसरीकडून उचल घेते आणि मग खरोखरच फोन बंद होतो. दोन पगारांपेक्षा मोठी उचल देऊच नका. तेवढी गरज असेल तर बचत गट आहे, बँक आहे, तिथला अर्ज भरायला मदत करा.

आणि एक सांगते, 'पैसे फिटेपर्यंत काम सोडायचं नाही' अशी अट घालू नका. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसतं. फ्लॅटमध्ये झालं म्हणून त्याचं नाव बदलत नाही.

---

कागदमाय

नोंदणीबद्दल लिहिते. इथे सुस्थितीतल्या लोकांचा स्वभाव सगळ्यात स्वच्छ दिसतो, कारण द्यायची असते फक्त एक सही.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला नोंदणी करता येते. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, बँकेच्या पासबुकाची प्रत, आणि सध्या जिथे काम करते त्या मालकाचं प्रमाणपत्र. पहिले चारही कागद ती स्वतः आणते. पाचव्यापाशी अर्ज अडतो. 'उद्या हिने काही केस केली तर?', 'पीएफ भरावा लागला तर?', 'सोसायटीला विचारून सांगतो.'

भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, एका घरात एक बाई भांडी घासते त्याला नाही. प्रमाणपत्रावर सही केल्याने पगाराचा नवा बोजा अंगावर येत नाही. एका घराची सही पुरते, सहाही घरांची लागत नाही, म्हणून सहाही घरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

सही न मिळाल्याचा फटका एप्रिल २०२१ मध्ये मोजून दिसला. कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात राज्याने घरकामगारांना १,५०० रुपये दिले, पण नोंदणी असलेल्यांनाच. बाकीच्यांचं नाव यादीत नव्हतं.

मजकूर एवढाच पुरतो: 'श्रीमती ........ या माझ्या घरी दिनांक ........ पासून घरकाम (भांडी / झाडू-फरशी / स्वयंपाक / मुलांचा सांभाळ) करत आहेत. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी हे प्रमाणपत्र दिले आहे.' खाली नाव, पत्ता, फोन, सही, तारीख. चारित्र्याबद्दल एक ओळही लिहायची गरज नाही, ते कुणी मागितलेलं नाही.

याच बैठकीत आणखी दोन कामं होतात. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी): वय १६ ते ५९, आधारला मोबाईल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी जुन्याच नंबरवर जातो आणि तो नंबर बहुतेक वेळा बंद झालेला असतो. आणि बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. पैसे दरवर्षी मे अखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात त्या दिवशी २० रुपये नसतील तर विमा गुपचूप बंद पडतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आठवण करून द्या.

---

जिना_चढणारा

अपघात निघाला म्हणून: खिडकीच्या बाहेरची काच पुसायला चौकटीवर उभं करणं बंद करा. नियमावलीत हे कलम मात्र कुठेच दिसत नाही. सरकत्या खिडकीची काच आतून पुसता येते, नाही पोचलं तर लांब दांड्याचा पुसणा मिळतो, अगदीच घाण झाली तर दोर आणि पट्टे घेऊन येणारे व्यावसायिक आहेत.

---

हिशेबी

गार्डबद्दल थोडं, कारण तीच वृत्ती तिथे कोटेशनच्या रूपात येते.

सर्वसाधारण सभेत तीन एजन्सींचे दर येतात आणि सगळ्यात कमीवाला निवडला जातो. दर कमी कशामुळे, हे कुणी विचारत नाही. गार्डच्या दरात मूळ किमान वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा सुमारे १३ टक्के वाटा, कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, रजा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस आणि एजन्सीचं कमिशन एवढ्या ओळी असतात. वेतन सगळीकडे सारखंच द्यायचं असेल तर दोन एजन्सींत फरक पडू शकतो तो फक्त कमिशनमध्ये. दोन कोटेशनमध्ये माणशी तीन-चार हजारांचा फरक असेल तर स्वस्तवाल्याने वरच्यापैकी दोन-तीन ओळी खाल्ल्या आहेत.

सगळ्यात आधी खाल्ली जाते ती १२ तासांची ओळ. किमान वेतन आठ तासांच्या दिवसावर बेतलेलं असतं, जादा वेळेचा दर दुप्पट. आठ तासांचं वेतन आणि पुढचे चार तास फुकट, ही चाल फार जुनी आहे. दुसरी खाल्ली जाते ती बदली माणसाची, मग गार्ड महिन्याचे तीसही दिवस येतो आणि समिती म्हणते 'बघा, तो रात्री पेंगतो.'

कोटेशन ओळीओळीने मागवा. करारात लिहा की दर महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याच्या निधीचं चलन आणि त्याची कामगारांच्या नावांची यादी जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. नुसतं चलन पाहून भागत नाही, ते एजन्सीच्या सगळ्या ठिकाणांचं एकत्र असतं. यादीत तुमच्या गेटवरच्या माणसांची नावं आहेत का ते बघा. पगार बँकेत जमा होतो का, हे गार्डला पासबुक दाखवायला सांगून तपासता येतं.

आणि केबिनमध्ये खुर्ची ठेवा. 'खुर्ची दिली की झोपतात' यावर उपाय म्हणजे रात्रीच्या गस्तीच्या ठरलेल्या वेळा आणि त्यांची नोंद.

---

चिंचेचं_पान

पैशांचं झालं. खाण्याचं आणि कपड्यांचं मी लिहिते, तिथे चांगुलपणाच्या नावाखाली बरंच खपतं.

दिवाळीला एक पगार बोनस ही रीत आहे. त्याऐवजी साडी, त्याऐवजी मिठाईचा डबा, त्याऐवजी घरातला जुना मिक्सर, असं घसरत जातं. वस्तू द्यायचीच तर बोनस देऊन वर द्या. वर्षाच्या मधे लागलेल्या बाईला महिन्यांच्या प्रमाणात: आठ महिने झाले असतील तर पगाराचे आठ-बारांश.

शिळं अन्न. फ्रीजमध्ये तीन दिवस राहिलेली भाजी 'टाकवत नाही' म्हणून तिच्या डब्यात घालायची, हे दान नाही, कचरा लावायची सोय आहे. उरलंय असं रात्रीच दिसत असेल तर झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी ती आल्या आल्या विचारा, आणि नको म्हणाली तर तोंड वाकडं करू नका. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कुणालाच देऊ नये.

वेगळा कप. याचं कारण आजकाल 'जंतू' असं सांगतात. ज्या हातांनी तुमची पानं, वाट्या, मुलांच्या दुधाच्या बाटल्या धुतल्या जातात, त्याच हातांना कपातून मात्र जंतू लागतात! तो कप ओट्याखालच्या कप्प्यात, साबणाशेजारी ठेवलेला असतो. ही चाल कुठून आली ते या मंडळावर कुणाला सांगायला नको. जातीचं नाव न घेता जात पाळायची ही शहरी तऱ्हा आहे.

आणि संडास. सकाळी सात ते दुपारी तीन ती बाहेर असते. सहाही घरांत 'आमचा नको'. पार्किंगमधला संडास बहुतेक सोसायट्यांत बांधलेला असतो, त्यात झाडू, रंगाचे डबे आणि पंपाचं सामान भरून कुलूप घातलेलं असतं. मग बायका पाणीच पीत नाहीत आणि लघवीच्या जागी जळजळ, ताप घेऊन कामावर येतात. कुलूप काढा, आतून कडी आणि दिवा बसवा, नळाला पाणी, झाकणाची कचराकुंडी, रोज एकदा सफाई. कुठल्याही दिवाळी कार्यक्रमाच्या खर्चात बसतं.

---

नळावरचा

गेटवर येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर सभासद कामाच्या बायकांना तारे देतात, त्याबद्दलही लिहा कुणीतरी. चार घरांनी पाच दिले, एकाने रागात एक दिला, आणि सरासरी बघून नवं घर नाही म्हणतं. तिला तो आकडा दिसत नाही, उत्तर देता येत नाही.

---

वकीलवाडी

शिवाय तिची येण्याजाण्याची वेळ, ती कुठल्या घरांत काम करते, फोटो, फोन, सगळं इमारतभर दिसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीआधी सूचना द्यायची आहे आणि ती मराठीतही वाचता आली पाहिजे. समितीने अॅपच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी कराव्यात: तारे बंद, फोन नंबर फक्त तिच्या घरांना दिसेल असा, आणि काम सोडल्यावर नोंद पुसणं. 'ब्लॅकलिस्ट' ठेवायचीच असेल तर लेखी कारण, तिचं म्हणणं आणि मुदत हवी.

याच ओघात आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घरकामगारांना स्पष्टपणे लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर त्या समितीला मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर स्थानिक समितीने तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. नियमावलीच्या पंचवीस कलमांत हे एक छापा, त्या समितीच्या पत्त्यासह.

---

पारावरचा

कचरावेचकांचा एक मुद्दा. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या बायका दारोदार कचरा घेतात, त्यांची संघटना १९९३ पासूनची, सहकारी संस्था त्यानंतरची. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, एवढीच त्यांची मागणी. घनकचरा नियमांतही हा कचरा गुंडाळून वेगळा द्यायचाच आहे. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात, सुई-ब्लेड बाटलीत. उघड्या हातांनी दुसऱ्याची घाण निवडणाऱ्या बाईला 'वास येतो, लिफ्टने येऊ नकोस' म्हणणाऱ्यांच्याच डब्यात ठिपका नसतो.

---

मध्यमवर्गी

बरंच पटलं, सगळं नाही. बाकाचं कलम काढायला माझी हरकत नाही. लिफ्टचं काढायला सभेत बहुमत मिळणार नाही, हेही सांगून ठेवतो. काढायचं असेल तर रीतसर कसं काढतात?

---

हिशेबी

समितीने स्वतःच लावलेला नियम असेल तर समितीच्या बैठकीतच रद्द होतो, सर्वसाधारण सभेपर्यंत जायची गरज नाही. आधी इतिवृत्ताच्या वहीत तो ठराव शोधा. बऱ्याचदा ठरावच सापडत नाही, कुणीतरी नुसती नोटीस टाइप करून लावलेली असते.

सभेने केलेला असेल तर वार्षिक सभेचा विषय म्हणून लेखी द्या. त्या सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी निघते, त्यामुळे अर्ज त्याच्याही आधी हवा. विशेष सभा बोलवायची तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात.

सगळी नियमावली एकदम रद्द करायचा ठराव आणू नका, तो पडतो. एकेक कलम वेगळं मतदानाला घ्या. दंडाचं कलम पहिलं: उपविधी सभासदांना बांधतात, सभासद नसलेल्या बाईकडून किंवा गार्डकडून सोसायटीला दंड वसूल करताच येत नाही. ते मतदानाशिवायच निघतं. मग बाक, मग संडासाचं कुलूप. लिफ्टच्या वेळी जिना_चढणारा यांनी लिहिलेला सामाईक बटणाचा मुद्दा लिफ्ट देखभाल कंपनीकडून लेखी आणा आणि दाराच्या मोटरच्या दुरुस्तीची मागच्या दोन वर्षांची बिलं सोबत जोडा. माणुसकीवर हात वर न करणारे सभासद बिलावर करतात.